बांगऱ्या वारव

हे सदर मी कित्येक वर्षं वाचते, आणि खरं सांगू? हसायला वाचते. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की मी मोबाईलवरून एकेक अनुभव मोठ्याने वाचून दाखवायचे आणि उलटे पाय, चिंचेचं झाड, मागून आलेली हाक वगैरेंवर आम्ही सगळे खिदळायचो. मी न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात डॉक्युमेंटेशनला आहे. आमच्याकडे कागद असेल तर माल आला, कागद नसेल तर माल आलाच नाही. माझं डोकंही तसंच चालतं. त्यामुळे आज मी स्वतःच इथे लिहायला बसलेय हे ऑफिसात कळलं तर माझं काही खरं नाही... पण एक गोष्ट आत ठेवून ठेवून जीव नुसता सैरभैर झालाय. नावं बदलून लिहिते, बाकी सगळं जसं घडलं तसंच.

माझं सासर उरणचं, माहेर मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यात. माहेरी आई, बाबा, धाकटा भाऊ नितेश आणि त्याची बायको रेश्मा. आमची स्वतःची बोट आहे. रेश्मा पहिलटकरीण. तिची आई ती जन्मली तेव्हाच गेली, वडीलही नंतर फार जगले नाहीत. रेवदंड्याच्या मावशीने तिला वाढवलं. पोरगी गुणी, पण बोलणं इतकं कमी की तिला काय हवंय ते ओळखण्यातच आमचा अर्धा वेळ जायचा.

नवरात्र झाल्यावर तिचं डोहाळजेवण ठरलं. मी आदल्या दिवशी एसटीने आले. ऑक्टोबरचं ऊन, वारा पडलेला... आणि मला घरात पाऊल टाकल्यापासून बसवेना. कारण काहीच नाही. खुर्चीवर बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते सुचेना. आईशी दोनदा भांडले, एकदा फुलांवरून आणि एकदा कशावरून ते आता आठवतही नाही. आई म्हणाली, "तुला काय मुंग्या चावल्यान गो? बस ना एका जागी."

रेश्माचा चेहरा चांगला गोल गरगरीत झाला होता. येणारी प्रत्येक बाई तिच्या गालाला हात लावून म्हणत होती, तेज आलंय पोरीला. पाय सुजले होते, पण ते कुणाचे सुजत नाहीत? आमच्याकडे पाय सुजले तर सुकट कमी खा म्हणतात आणि पुढच्या जेवणाला पुन्हा सुकटच वाढतात. तिचं डोकं दोन दिवस दुखत होतं, ते उन्हाचं ठरलं. उपकेंद्रातल्या सिस्टरने बीपी थोडं वर आहे म्हणून गोळी दिली होती आणि आठवड्याने परत दाखवायला बोलावलं होतं. गोळीने गरगरतं म्हणून रेश्माने ती बंद केली होती, आणि परत दाखवणं "कार्यक्रम होऊ दे, मग जाऊ" यावर थांबलं होतं. हे मला कार्यक्रमाच्या सकाळी कळलं, आणि मीही "बरं, उद्या जाऊ" म्हटलं.

बाबा आणि नितेश दोघेही बोटीवर. बर्फ भरून तीन-चार दिवसांच्या फेरीला गेलेले. डोहाळजेवण बायकांचं, त्यात पुरुषांचं काय काम? आणि हंगामात बोट किनाऱ्याला बांधून ठेवणं कुणाला परवडतं?

जेवणाआधी बांगड्या भरायच्या होत्या. मुरुडहून हमीदाखाला आल्या. आमच्या तीन पिढ्यांच्या हातात त्यांनीच बांगड्या भरल्यात. बाहेरच्या खोलीत रेश्माला पाटावर बसवलं, बाजूला बायकांचा गराडा. मी भिंतीला पाठ लावून मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. माझ्या पाठीशी फक्त भिंत, हे लक्षात ठेवा. खिडकी समोरच्या बाजूला होती.

खाला हिरव्या बांगड्या चढवायला लागल्या, तर त्या जाईनात. नेहमीच्या मापाची जाईना, मोठी काढली तर तीही अंगठ्यापाशी अडली. खालांनी साबणाचं पाणी मागवलं आणि हसत म्हणाल्या, "माशाल्ला! हात भरलाय पोरीचा. सासरची मच्छी मानवली!"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. रेश्मा डोळे मिटून हात दाबू देत होती.

आणि तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी बोललं. अगदी जवळून, ओळखीच्या माणसाने बोलावं तसं —

"बांगऱ्या वारव तिच्या."

बाईचा आवाज. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या उरणकडे 'ड' आणि 'ढ'चा 'र' होतो. गाडीला गारी, बांगडीला बांगरी, 'वाढव'ला 'वारव'. सासरी दिवसभर तेच ऐकते मी. मला वाटलं, आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंय की बांगड्या कमी दिसतायत, अजून घाला. मी मोबाईल तसाच धरून म्हटलं, "खाला, हिच्या बांगड्या वाढवायला सांगतायत."

खालांनी हातातली बांगडी खाली ठेवली.

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बांगडी फुटली असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही, 'वाढली' म्हणतात. बांगड्या वाढवणं म्हणजे हातातल्या फोडून काढणं. आणि ते कधी करतात ते मी लिहीत नाही. मी कोळ्याच्या घरातली, मला हे पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. पण त्या क्षणी तो अर्थ माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही, शप्पथ. नवरा दर्यावर, सासरा दर्यावर, पोटात पहिलं मूल, ओटीचा दिवस — आणि नणंद म्हणतेय, बांगड्या वाढवा!

आईने माझ्याकडे जे बघितलं... "जिभेला हाड हाय का तुझ्या?"

"अगं, मी कुठे? कुणीतरी बोललं इथे. अजून घाला म्हणून. उरणकडची कोण आलीये?"

कुणीच आली नव्हती. सगळ्या आमच्याच वाड्यातल्या नाहीतर मुरुडच्या. खाला पुटपुटल्या काहीतरी आणि साबण लावून त्यांनी उरलेल्या बांगड्या दाबून दाबून चढवल्या. आईने माझ्यावरून काहीतरी उतरवून बाहेर टाकलं. माझं तोंड पडलं ते पडलंच.

जेवणं उरकली. खाला गेल्या, बायका पानसुपारी घेऊन पांगल्या. मी मोरीत भांडी विसळत होते. नळ जोरात सोडलेला, शेजारी कुणाचा तरी मिक्सर चाललेला, आणि त्या सगळ्या आवाजाच्या खालून पुन्हा —

"वारव गो..."

या वेळी विनवणी होती. मी ताट आपटून मागे वळले, कुणी नाही. मला भीती नाही वाटली, राग आला. वाटलं, पित्त झालंय, सकाळपासून चहावर आहे. भांडी तशीच टाकून मी आतल्या खोलीत गेले. का, ते विचारू नका. पाय तिकडे गेले एवढंच.

रेश्मा कुशीवर पडली होती. नवी साडी तशीच, केसातला गजरा चुरगळलेला. मी विचारलं, "डोकं?" तिने नुसती मान हलवली. मग म्हणाली, "ताई, हात लई ठणकतायत."

मी हात हातात घेतला. दुपारी त्या बांगड्या कशाबशा मनगटावर बसल्या होत्या, आता त्या मांसात रुतल्या होत्या. मध्ये मध्ये कातडी फुगून वर आलेली, तुकतुकीत. मी साबण आणला, तेल आणलं. एकही बांगडी जागची हलेना. रेश्मा ओठ चावत होती.

...आणि तेव्हा मला कळलं की मला काय सांगितलं होतं.

इथे मी किती वेळ नुसती बसून राहिले ते मला सांगता येणार नाही. बाहेर आई दिव्यात तेल घालत होती, दर्यावरच्या दोघांसाठी ती तो दिवा संध्याकाळ व्हायच्या आधीच लावते. आणि मी आत तिच्या सुनेच्या हातातला ओटीचा चुडा फोडायचा विचार करत होते. उद्या बोटीला काही कमी-जास्त झालं असतं, तर आईने जन्मात माझं तोंड पाहिलं नसतं. आणि खरं सांगते, मीही माझं पाहिलं नसतं. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर, पण आपला भाऊ पाण्यात असताना विश्वास नसणं तेवढं सोपं राहत नाही.

मी दाराला कडी घातली. नॅपकिन तिच्या मनगटाभोवती गुंडाळला, कपाटाचं कुलूप घेतलं आणि मारलं.

कट्. कट्. हळू मारलं तरी तो आवाज काही लपत नाही. आई दारावर आली. "काय करतेस गो आत? दार उघड!" मी उघडलं नाही, दुसरा हात घेतला. शेवटची बांगडी निघाली तेव्हा कडी काढली. आईने जमिनीवरच्या हिरव्या काचा बघितल्या. तिचा हात वर गेला, आणि तसाच राहिला.

"माजा पोर दर्यावर हाय," ती म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही. "तुझा बाप दर्यावर हाय."

"आई, शिव्या नंतर दे. आधी हे बघ." मी रेश्माच्या मनगटावर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा पडला. आम्ही दोघी बघत राहिलो, आणि तो खड्डा काही भरून येईना. ओल्या पिठात बोट दाबावं तसा.

आमच्या ऑफिसातली एक मुलगी अशीच सुजली होती आणि तिचं बाळ गेलं होतं. तेव्हा 'गरोदरपणातलं बीपी' हे शब्द मी ऐकले होते, ते आत्ता आठवले. आणि रेश्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही दोन-दोन का दिसताय?" आणि भडभडून ओकली.

आईने काचा ओलांडल्या आणि शेजारच्याला मिनीडोर रिक्षा काढायला हाक मारली.

मुरुडच्या दवाखान्यात बीपीचा पट्टा सोडला आणि तिथल्या डॉक्टरांचा चेहराच बदलला. पुढे सगळी धावाधाव. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन, लघवीची तपासणी, अँब्युलन्स, अलिबाग. काशीदचा घाट उतरताना रेश्माचे डोळे फिरले आणि अंग ताठ झालं. सोबतच्या सिस्टर तिला कुशीवर वळवून धरत होत्या. आई पुढे बसून एकसारखी नितेशला फोन लावत होती, रेंजमध्ये नसलेल्या बोटीला. मी रेश्माचे पाय धरून होते आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती — आपण उशीर केला का, आपण उशीर केला का.

अलिबागला सिझेरियन झालं. मुलगी झाली, मूठभर. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रेश्मा त्यानंतरही दोन दिवस धड शुद्धीत नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून थोडा वेळ गेला असता तर दोघींपैकी कुणाचंच सांगता आलं नसतं. मग विचारलं, "हिच्या आईला गरोदरपणात असं काही झालं होतं? बीपी, झटके? असेल तर मुलीला धोका जास्त असतो. आधी कुणी विचारलं नव्हतं?"

विचारलं होतं. सिस्टरने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, मी सोबत होते. रेश्माने 'नाही' सांगितलं होतं. कारण तिला जे माहीत होतं तेच तिने सांगितलं. तिच्या आईला बीपी नव्हतंच... तिच्या आईला झपाटलं होतं. लहानपणापासून तिने तेवढंच ऐकलं होतं, आणि झपाटणं काही दवाखान्यात सांगायची गोष्ट नाही.

हे मला सांगितलं रेश्माच्या मावशीने. ती रेवदंड्याहून दुसऱ्या दिवशी धावत आली. डोहाळजेवणाला ती नव्हती. मावशी विधवा आहे. आईने निरोप दिला होता, पण आग्रह केला नव्हता, आणि आग्रह न करण्याचा अर्थ मावशीला बरोबर समजला होता. मी तोवर तिला दोनदाच भेटले होते, लग्नात आणि त्याआधी, आणि दोन्ही वेळा ती मागेमागेच होती. दवाखान्याच्या बाकावर बसून पदराने डोळे पुसत ती बोलायला लागली. मूळची ती, म्हणजे दोघी बहिणी, उरणच्या बाजूच्या. रेवदंड्यात जन्म गेला तरी मावशीची भाषा काही बदलली नाही.

"माजे बहिनीचा पन असाच झाला व्हता. सगला आंग सुजला. मंग झटकं आलं, त सगली बोलली, हिला झपाटलंय. भगत आनला, धूप घातला. आन ती बिचारी सुदीत आली का येकच बोलं..."

मला कळलं. ती पुढे काय बोलणार हे मला ऐकण्याआधीच कळलं आणि मी बाकावरून उठून उभी राहिले.

"बांगऱ्या वारव गो माज्या, हात दुखतान. मना बोलं, मीच बाजूला बसलेली. पन मी कशी वारवू? तिचा घो दर्यावर. घो दर्यावर असताना बांगऱ्या वारवतान का कोन? तशीच गेली गो... भरल्या हातानं."

मी मावशीला काही सांगितलं नाही. तेव्हा नाही. नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत आले, परत गेले. बसवेना.

मावशी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट आली. नुसती आली, इंजिन ठीक, माणसं ठीक, पापलेट बरं मिळालं. नितेशचा फोन आला तेव्हा आईने फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या काचांबद्दल ती आजवर एक अक्षर बोललेली नाही.

मी खूप डोकं चालवलं. व्हिडिओ कितीदा तरी कानाला लावून ऐकला. त्यात खालांचं हसणं आहे, कुणाच्या तरी पोराचं रडणं आहे, आणि मग एकदम माझाच आवाज — "खाला, हिच्या बांगड्या वाढवायला सांगतायत." त्याच्या आधी काहीच नाही. नवऱ्याचं म्हणणं, तुझ्या कानात आमची भाषा भरलेली, सूज तू बघितली होतीसच, तुझ्याच मनाने तुला सांगितलं. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं. पण माझ्या मनाने मला सांगायचं असतं तर 'डॉक्टरकडे ने' म्हणालं असतं ना? बांगड्या कशाला? आणि माझंच मन बोलत होतं, तर त्याच्या बोलण्याचा मी उलटा अर्थ कसा लावला? या ठिकाणी माझं लॉजिक थांबतं, ते अजून पुढे सरकलेलं नाही.

बाळ पेटीतून बाहेर आलं, घरी आलं, बारसं झालं. आईने मावशीला आणायला नितेशला रेवदंड्याला पाठवलं, आणि बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली तेव्हा भरल्या घरात म्हणाली, "आधी मावशी. ती घालंल." एक-दोघींनी भुवया उंचावल्या. आईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्या पुढच्या जेवणावळीपर्यंत गप्प होत्या.

बायका गेल्यावर मी रेश्माला सगळं सांगितलं. भिंत, आवाज, मोरी, मावशीचं बोलणं. मला वाटलं घाबरेल. ती बाळाला मांडीवर घेऊन ऐकत राहिली. हातात तिने अजून काचेच्या बांगड्या घातल्या नव्हत्या, मनगटावर रुतलेल्याचे वळ होते. त्या वळांवरून तिने बोट फिरवलं, आणि मग तिचे डोळे भरले.

"मी तिची पोर," ती म्हणाली. "आणि आवाज तुम्हाला ऐकू आला."

मला सॉरी म्हणायची वेळ आल्यासारखं वाटलं.

"ताई... कसा होता? जाड की बारीक?"

"बारीक. थोडा बसलेला."

"कशी बोलली, तसंच बोलून दाखवा ना."

भर दुपारी, लख्ख उजेडात माझ्या अंगावर काटा आला. पण मी बोलून दाखवलं. जमेल तसं, त्या 'र'सकट, शेवटच्या 'गो'सकट. रेश्मा डोळे मिटून ऐकत होती. तिच्या आईचा ना फोटो आहे, ना आवाज. जे काही आहे ते माझ्याकडे, आणि मी तर असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारी.

हे काय होतं, मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, फक्त मला समजावण्याच्या भानगडीत पडू नका. रेश्मा अजूनही मध्येच फोन करते. बाळाचं सांगते, आईचं सांगते, बीपी नीट आहे म्हणते. मग थोडी थांबते. ती काय मागणार ते मला कळतं, आणि मी ऑफिसातून उठून बाहेर यार्डात येते, कंटेनरच्या आडोशाला, कुणी ऐकू नये म्हणून.

"बांगऱ्या वारव," मी म्हणते.

"परत एकदा," ती म्हणते.